साकु

दाव्याचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं तिच्या म्होरकीत.
मधे झोळ,
चिमणीनं बसून हलून घ्यावं एवढा.

तंबाखू निघालेलं रान,
संकेश्वरच्या अलीकडं, नदीच्या अंगाला.
खुंटं अजून टोचतात.
तिचे चारी नाल दस्तगीरचाचांनी परवा काढले,
पिशवीत घालून माझ्याकडं दिले:
"खुरं वाढू देत आधी. हिला आता जायचंय कुठं पळत?"

रायबागकडच्या शर्यतींतून आली ही.
मागं गाडी, गाडीत चाबूक,
दोन्ही बाजूंनी मोटारसायकली,
हॉर्न, शिट्ट्या, सायलेन्सर काढलेले.
अजून रस्त्यावर कुणी किक मारली
की कातडीवरून एक लाट जाते
मानेपासून शेपटीपर्यंत,
मग काथ्या माझा तळवा सोलून निघतो.

पहिले नऊ दिवस मी काही शिकवलं नाही.
नुसती उभी राहिले, तिच्या खांद्याच्या रेषेत.
समोर नाही.
समोरून येणारा धरायला येतो, हे तिला पाठ.
आणि अगदी मागं उभं राहायची माझी छाती नव्हती.
विलास बांधावरून ओरडला,
"घोडी राखालीस, का घोडी तुला राखालीय?"
म्हटलं, "वारं बघालोय दोघी. तू जा."

मी ओढलं की ती खडक.
आणखी ओढलं, आणखी खडक.
अकराव्या दिवशी ढेकळात पाय मुरगळला,
मी मटकन खाली बसले, दावं सुटलं,
आणि शिव्या देत घोटा चोळताना
मानेवर ऊन ऊन श्वास.
ओल्या कडब्याचा वास.
मी वळले नाही.
वळले असते तर सगळं पहिल्यापासून.

त्या दिवसापासून ओढणं बंद.
बोट लावायचं बरगडीला, माशी बसावी एवढं,
थांबायचं.
तिनं मागचा पाय उचलून बाजूला टाकला
की बोट काढायचं, लगेच.
यात सगळी विद्या बोट काढण्याची.
लावता कुणालाही येतं.

बोलावणं मात्र जमेना.
"ये" म्हटलं, "थांब" म्हटलं, "मागं हो" म्हटलं,
कान आपले तिसरीकडंच.
मग एका दुपारी शेजारच्या रानात निलव्वा
नातीकडून ताक वाढून घेत होती.
पेला भरला, तशी म्हणाली,
"साकु, साकु."

घोडीची मान खाली आली.
खालचा ओठ सुटला.
तोंडात काही नसताना चावू लागली,
जीभ बाहेर, डोळे अर्धे.

मी निलव्वाकडं बघितलं. ती पेल्याकडं.
म्हणजे तिकडं होता कुणीतरी,
शर्यत संपल्यावर घाम पुसणारा,
पट्टा सैल करताना एवढंच म्हणणारा.
जिंकली का हरली न सांगता.
त्याचं नाव कळायला वाट नाही.
व्यापाऱ्याच्या कागदावर फक्त वय आणि रंग,
तेही वय खोटं.

आता मीही म्हणते.
निलव्वा हसते, "उच्चार बघ हिचा!"
घोडी हसत नाही.

काल जास्तच झालं माझं.
गोल, परत गोल, उलट्या हातानं गोल.
युरियाचं रिकामं पोतं दाखवलं, हुंगू दिलं,
पाठीवरून फिरवलं. उभी राहिली बिचारी.
मला वाटलं, अजून एकदा.
तिनं मान वळवली
आणि नुसतं बघितलं माझ्याकडं.

मी म्होरकीच उतरवली.

गेली ती. थांबली नाही, काही नाही.
बांधाकडं, हरळीकडं, फुरफुरत.
रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू झाली,
लाट आली, अर्ध्या पाठीवर विरली.
एक कान गवतात.
एक कान इकडं.